गॅस डिटेक्टरचा आकडा खरा कधी मानावा?

परळी वैजनाथ हे गाव भाविकांना वैद्यनाथाच्या मंदिरामुळे, तर उर्वरित महाराष्ट्राला औष्णिक विद्युत केंद्रामुळे परिचित आहे. येथील पहिला संच १९७१ मध्ये सुरू झाला. जुने संच आता निवृत्त झाले असून प्रत्येकी २५० मेगावॉटचे तीन संच उरले आहेत. एवढ्या क्षमतेची जनित्रे थंड ठेवण्यासाठी सामान्यतः हायड्रोजन वापरला जातो, कारण उष्णता वाहून नेण्याची त्याची क्षमता हवेच्या सुमारे सातपट असते. मात्र हवेतील त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की एक ठिणगी पुरेशी होते. या वायूला रंग नाही, वास नाही आणि त्याची ज्योतही दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही.

बीड जिल्ह्यात साखर कारखानदारीही मोठी आहे. आसवनीच्या सांडपाण्यापासून बायोगॅस तयार करताना मिथेनबरोबर हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू निर्माण होतो. त्याला कुजलेल्या अंड्यांसारखा वास असतो खरा; पण प्रमाण वाढले की नाकाची संवेदनाच बधिर होते. म्हणूनच अशा ठिकाणी माणसाच्या नाकाऐवजी गॅस डिटेक्टरवर विसंबावे लागते.

भिंतीवर बसवलेल्या या उपकरणाचे तीन मुख्य भाग असतात. सेन्सर वायूचे प्रमाण जोखतो. त्यामागील विद्युत मंडल त्याचे ४ ते २० मिलिअँपिअरच्या प्रवाहात रूपांतर करून तो नियंत्रण कक्षाकडे पाठवते. तिसरा भाग म्हणजे डिस्प्ले. शून्य वायूला ४ आणि मापनकक्षेच्या टोकाला २० मिलिअँपिअर, असा संकेत ठरलेला आहे. प्रवाह ४ च्या बराच खाली गेला तर वायू नसून बिघाड आहे, असे कक्षातील यंत्रणा समजते.

या तिन्हींपैकी सर्वांत आधी थकतो तो बहुधा डिस्प्ले. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर जातो आणि उघड्यावरील उपकरणाचे कवच त्याहूनही तापते. उष्णतेने द्रव स्फटिकांचा पडदा काळा पडतो, काही रेषा उमटेनाशा होतात आणि ८ चा आकडा ६ किंवा ० असा दिसू लागतो. अनेक उपकरणांत पडदा बंद पडला तरी प्रवाहाचा संदेश नियंत्रण कक्षाला जात राहतो. त्यामुळे दुरुस्ती पुढे ढकलण्याचा मोह होतो. पण टाकीत उतरण्यापूर्वी जागेवर आकडा पाहणाऱ्या कामगाराला नियंत्रण कक्ष दिसत नसतो.

डिस्प्ले बदलण्याचे काम वरवर घड्याळाचा सेल बदलण्याइतके सोपे वाटते. प्रत्यक्षात हे उपकरण फ्लेमप्रूफ कवचात असते. आत स्फोट झालाच तर ज्वाला बाहेर पडू नये, ही त्या कवचाची जबाबदारी. स्फोटक वातावरणातील अशा उपकरणांना नागपूर येथे मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेची मान्यता लागते. वीजपुरवठा चालू असताना झाकण उघडले तर ते संरक्षण संपते. म्हणून आधी लेखी कामाचा परवाना घेतात, नियंत्रण कक्षाला कळवतात, त्या उपकरणाचा अलार्म तात्पुरता रोखतात, हातातील मापकाने परिसर वायुमुक्त असल्याची खात्री करतात आणि मगच वीज तोडतात. झाकणाचे आटे व सांधे यांवर ओरखडा येऊ देत नाहीत. सिलिकॉनयुक्त ग्रीस किंवा सीलंटही टाळतात, कारण सिलिकॉनच्या वाफांनी ज्वलनशील वायूंचे उत्प्रेरक सेन्सर निकामी होतात.

खरी कसोटी नवा डिस्प्ले बसल्यानंतर लागते. काही उपकरणांत डिस्प्ले हा निव्वळ पडदा असतो. काहींत वायूचा प्रकार, मापनकक्षा आणि अलार्मच्या मर्यादा त्याच मॉड्यूलमध्ये साठवलेल्या असतात. जुन्या मॉड्यूलमधील या नोंदी आधी टिपून घेतल्या नसतील, तर नवे मॉड्यूल कारखान्यातून आलेल्या मूळ मांडणीवर चालू होते.

एक उदाहरण पाहता येईल. नियंत्रण कक्षाने हायड्रोजन सल्फाइडची कक्षा ० ते ५० पीपीएम धरली आहे आणि नव्या मॉड्यूलमध्ये ती ० ते १०० आहे, असे समजा. हवेत १० पीपीएम वायू असताना डिस्प्ले १० असा अचूक आकडा दाखवील, पण ५.६ मिलिअँपिअर प्रवाह पाठवील आणि नियंत्रण कक्ष तो ५ पीपीएम असा वाचेल. कारखाने अधिनियमात १९८७ मध्ये झालेल्या दुरुस्तीने आठ तासांच्या पाळीसाठी घालून दिलेली या वायूची सरासरी मर्यादा १० पीपीएम होती. म्हणजे दोन्ही पडदे उजळलेले, कोठेही बिघाडाची खूण नाही आणि मर्यादेवर पोहोचलेला धोका कक्षात निम्माच दिसतो.

ही फसगत टाळण्यासाठी कार्यान्वित करण्याचा क्रम ठरलेला असतो. वीज दिल्यावर सेन्सरला स्थिर होण्यास वेळ द्यायचा. शुद्ध हवेवर शून्य तपासायचे. मग ज्ञात प्रमाणाचा चाचणी वायू सोडून डिस्प्लेवरील आकडा त्याच्याशी ताडायचा. त्याच वेळी नियंत्रण कक्षातील आकडाही विचारायचा. चाचणी वायू कक्षेच्या मध्यावरचा असेल तर प्रवाह १२ मिलिअँपिअर हवा. अलार्मच्या मर्यादा ओलांडून भोंगा, दिवा व पंखे खरोखर चालू होतात का, हे पाहायचे. शेवटी रोखलेला अलार्म पुन्हा सुरू करून नोंदवहीत वेळ व सही करायची. नेमकी हीच शेवटची पायरी विसरली, तर अचूक मोजणारे उपकरण मुके राहते.

दीर्घ बंदीनंतर हीच काळजी पुन्हा घ्यावी लागते. २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचे केंद्र बंद ठेवावे लागले होते. साखर कारखाने तर दरवर्षी हंगाम संपताच थंडावतात. पडून राहिलेल्या उपकरणाचा पडदा वीज देताच उजळतो. परंतु सेन्सर जागा आहे की नाही, हे चाचणी वायूशिवाय कळत नाही. डिस्प्ले केवळ आकडा दाखवतो. त्या आकड्याची साक्ष चाचणी वायू, नियंत्रण कक्ष आणि नोंदवही या तिघांनी दिली, तरच कामगाराने त्यावर जीव सोपवावा.