पेनिसिलिनची ॲलर्जी : खरी कोणती, खोटी कोणती?

दवाखान्यात केसपेपर काढताना डॉक्टर एक प्रश्न हमखास विचारतात, "कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का?" आपल्यापैकी बहुतेक जण "तसं काही नाही" म्हणून मोकळे होतात. काही जण मात्र "पेनिसिलिन चालत नाही" असे सांगतात. कधी व काय झाले होते असे पुढे विचारले, तर "लहानपणी रिॲक्शन आली होती, आई सांगायची" एवढेच उत्तर मिळते. हे एवढेसे उत्तर माणसाचा जीव वाचवू शकते, तसेच त्याचे मोठे नुकसानही करू शकते. म्हणून सभासदांना, आणि विशेषतः विद्यार्थ्यांना, या विषयाची माहिती व्हावी या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबातील अकरा वर्षांच्या मुलीला ताप येऊन सांधे सुजले. तपासणीअंती ऱ्हुमॅटिक तापाचे निदान झाले. घशाच्या जंतुसंसर्गानंतर येणारा हा ताप सांध्यांना त्रास देऊन जातो, पण हृदयाच्या झडपांना कायमची इजा करून ठेवतो. तो पुन्हा पुन्हा येऊ नये म्हणून त्या मुलीला दर 21 दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन सांगितले गेले. तिसऱ्या इंजेक्शनच्या वेळी ती सुई टोचताच घामाघूम होऊन खाली पडली. आडवे निजवल्यावर पाच मिनिटांत उठून बसली. अंगावर गांधी नाहीत, धाप नाही, सूज नाही. तरीही तिच्या कागदावर लाल शाईने "पेनिसिलिन ॲलर्जी" असे लिहिले गेले. इंजेक्शने थांबली व त्यांच्या बदली दुसरे औषधही कोणी सुरू केले नाही. दोन वर्षांनी ताप पुन्हा आला आणि या वेळी झडप निकामी होऊ लागली. त्या दोन शब्दांची खातरजमा वेळीच झाली असती तर ही पाळी बहुधा टळली असती.

औषध आणि त्याचे कुटुंब

अलेक्झांडर फ्लेमिंग यांना 1928 साली लंडनमध्ये बुरशीतून पेनिसिलिनचा शोध लागला. पुढे फ्लोरी व चेन यांनी ते औषध म्हणून वापरण्याजोगे केले आणि 1945 साली तिघांना मिळून नोबेल पारितोषिक देण्यात आले. आपल्या महाराष्ट्रात पिंपरी येथे 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला तो प्रामुख्याने याच औषधासाठी. ॲम्पिसिलिन, ॲमॉक्सिसिलिन, क्लॉक्झासिलिन ही सर्व औषधे पेनिसिलिनच्याच कुटुंबातील होत. बाजारात त्यांची नावे वेगवेगळी असतात. म्हणून ज्याला खरी ॲलर्जी आहे त्याने गोळीच्या पाकिटावरील मूळ औषधाचे नाव वाचण्याची सवय ठेवली पाहिजे.

ॲलर्जी म्हणजे काय?

आपल्या शरीरात बाहेरील शत्रूला ओळखणारी एक संरक्षक यंत्रणा असते. काही व्यक्तींच्या बाबतीत ही यंत्रणा औषधालाच शत्रू समजते व त्याविरुद्ध "आयजीई" नावाची प्रतिद्रव्ये तयार करते. पहिल्या वेळी बहुधा काहीच जाणवत नाही. पुढे तेच औषध पोटात वा रक्तात गेले की काही पेशींतून हिस्टामिन व इतर द्रव्ये एकदम बाहेर पडतात आणि त्रास सुरू होतो. म्हणूनच "मागे घेतले होते तेव्हा काही झाले नव्हते" ही खात्री पुरेशी नसते.

ओळखावे कसे?

ॲलर्जीचे ढोबळमानाने दोन प्रकार करता येतील.

पहिला प्रकार तत्काळ होणारा. औषध घेतल्यावर बहुधा तासाभरात अंगाला खाज सुटते, पित्ताच्या गांधी उठतात, ओठ, पापण्या किंवा जीभ सुजते. याच्याच जोडीला धाप लागणे, आवाज बसणे, छातीत घरघर, उलट्या, रक्तदाब उतरून शुद्ध हरपणे ही लक्षणे दिसली तर ती जीवघेणी रिॲक्शन होय. वैद्यकीय भाषेत तिला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात.

दुसरा प्रकार उशिरा होणारा. यात काही दिवसांनी अंगावर लालसर पुरळ येते. बहुतेक वेळा ते सौम्य असते व आपोआप जाते. परंतु पुरळाबरोबर ताप, तोंडात व डोळ्यांत जखमा, अंगावर फोड किंवा कातडी सोलवटून निघणे असे घडले तर रुग्णाला विनाविलंब मोठ्या रुग्णालयात नेले पाहिजे. अशा रुग्णाला ते औषध पुन्हा कधीही, तपासणीसाठीसुद्धा, देऊ नये.

आता ॲलर्जी नव्हे असे काय, तेही पाहू. गोळीने मळमळणे किंवा जुलाब होणे हा दुष्परिणाम आहे, ॲलर्जी नाही. सुईच्या भीतीने किंवा उपाशीपोटी येणारी भोवळ ही ॲलर्जी नाही. भोवळीत चेहरा पांढरा पडतो, नाडी मंद होते व आडवे होताच माणूस सावरतो. उलट ॲनाफिलॅक्सिसमध्ये नाडी बहुधा जलद चालते आणि गांधी, सूज वा धाप सोबतीला असते. लहान मुलांना विषाणूच्या तापात पुरळ उठते, त्याच वेळी ॲमॉक्सिसिलिन चालू असेल तर दोष औषधावर येतो. असे पुरळ औषधाचे की विषाणूचे, हे नंतर तपासून ठरवता येते.

निदान

जगात अनेक देशांत झालेल्या तपासण्यांतून एक गोष्ट स्पष्ट झाली आहे. आपल्याला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे असे सांगणाऱ्या व्यक्तींची रीतसर तपासणी केली असता दहांपैकी सुमारे नऊ जणांना ते औषध सुखरूप चालते. ज्यांना खरोखर तत्काळ प्रकारची ॲलर्जी होती, त्यांच्यापैकीही सुमारे 80 टक्के लोकांची ॲलर्जी दहा वर्षांत ओसरते.

निदानाची पहिली पायरी म्हणजे नीट विचारपूस. कोणते औषध, कशासाठी, किती वेळाने काय झाले, उपचार करावे लागले का, त्याला किती वर्षे झाली, या प्रश्नांच्या उत्तरांवरून धोका कमी की जास्त याचा अंदाज तज्ज्ञ बांधतात. दुसरी पायरी त्वचेवरील चाचणी. आधी त्वचेवर हलके टोचून व मग त्वचेच्या आत थोडे औषध देऊन 15 ते 20 मिनिटांनी फुगवटा मोजतात. तुलनेसाठी शेजारी हिस्टामिन व नुसते सलाईन टोचलेले असते. आपल्याकडे इंजेक्शनपूर्वी जो "टेस्ट डोस" देतात, त्यात ही तुलना बहुधा नसते. त्यामुळे नुसत्या लालीवरून ॲलर्जी ठरवणे किंवा लाली नाही म्हणून निर्धास्त होणे, दोन्ही चूक. तिसरी पायरी म्हणजे रुग्णालयात, देखरेखीखाली ॲमॉक्सिसिलिनची मात्रा तोंडाने देऊन पाहणे. ज्यांचा धोका अगदी कमी आहे त्यांना त्वचेची चाचणी न करताही ही मात्रा देता येते, असे अलीकडील अभ्यासांत दिसले आहे. मात्र हा प्रयोग घरी कोणीही करू नये.

जीवघेणी रिॲक्शन आल्यास

अशा वेळी खरे औषध एकच, ते म्हणजे ॲड्रिनलिन. मांडीच्या बाहेरील बाजूच्या स्नायूत ते ताबडतोब दिले जाते. प्रौढांना एक हजारात एक या प्रमाणाचे अर्धा मिलिलिटर, मुलांना वजनाप्रमाणे कमी. पाच मिनिटांत उतार न पडल्यास डॉक्टर पुन्हा देतात. ॲलर्जीची गोळी किंवा स्टिरॉइडचे इंजेक्शन ही नंतरची मदत होय, त्यांच्यावर विसंबून वेळ घालवू नये. रुग्णाला आडवे निजवून पाय उंच ठेवावेत, एकाएकी उभे करू नये. धाप लागली असेल तर बसते ठेवावे. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. बरे वाटले तरी काही तास रुग्णालयात थांबावे, कारण त्रास पुन्हा उलटू शकतो. इंजेक्शन नेहमी ॲड्रिनलिन जवळ असलेल्या ठिकाणीच घ्यावे आणि त्यानंतर अर्धा तास तेथेच बसावे.

पुढची काळजी

खरी ॲलर्जी ठरली तर घाबरण्याचे कारण नाही. बहुतेक आजारांवर दुसरी औषधे आहेत. ऱ्हुमॅटिक तापाच्या रुग्णाला सल्फाडायझिन किंवा एरिथ्रोमायसिन देता येते. इंजेक्शन थांबले म्हणून संरक्षण थांबता कामा नये. गरोदर स्त्रीला उपदंश झाला असेल तर मात्र पेनिसिलिनवाचून पर्याय नाही. अशा वेळी रुग्णालयात अत्यंत सूक्ष्म मात्रेपासून सुरुवात करून ती वाढवत नेतात व शरीराला ते औषध तात्पुरते सोसवतात.

आता भीती किती बाळगावी तेही पाहू. ऱ्हुमॅटिक तापाच्या 1,790 रुग्णांवर अनेक देशांत मिळून झालेला एक अभ्यास 1991 साली प्रसिद्ध झाला. त्यांना 32,430 इंजेक्शने दिली गेली. ॲलर्जी 57 जणांना दिसली, त्यांपैकी ॲनाफिलॅक्सिस चौघांना, व एक रुग्ण दगावला. एकही मृत्यू क्षुल्लक नाही. पण रोखता येणाऱ्या तापाने झडपा गमावणाऱ्या मुलांचे दुःखही क्षुल्लक नाही. शिवाय 2022 साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने असे निदर्शनास आणले, की हृदय फार बिघडलेल्या रुग्णांत इंजेक्शननंतरचे काही मृत्यू ॲलर्जीने नव्हे, तर दुबळ्या हृदयाला तो ताण न सोसल्याने झाले असण्याचा संभव आहे. अशांना गोळ्यांच्या रूपात औषध देणे योग्य ठरते.

आपण काय करावे?

ज्यांना त्रास झाला असेल त्यांनी औषधाचे नाव, तारीख, लक्षणे व ती किती वेळाने आली हे त्याच दिवशी एका कागदावर लिहून ठेवावे. शक्य असल्यास पुरळाचे छायाचित्र काढून ठेवावे. खरी ॲलर्जी असेल तर तसे कार्ड पाकिटात असावे व घरातील सर्वांना माहीत असावे. ॲलर्जी नाही असे ठरले तर तेही लेखी घेऊन जुन्या कागदावरील शेरा दुरुस्त करून घ्यावा. वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी मित्राची उरलेली गोळी घेऊ नये. परिचारिका, फार्मसी वा वैद्यकीय शाखेचे शिक्षण घेणाऱ्या आपल्या मुलामुलींनी तर "ॲलर्जी" एवढाच शब्द न लिहिता पुढे काय झाले ते एक ओळ अवश्य लिहावे.

सुरुवातीस सांगितलेल्या मुलीची पुढे तज्ज्ञांनी रीतसर तपासणी केली. तिला ॲलर्जी नव्हती. आता ती पोटभर जेवून इंजेक्शनला जाते, आडवी निजून ते घेते आणि तिचा कागद दुरुस्त झाला आहे. झडप मात्र पूर्ववत झालेली नाही. हा लेख वाचून एखाद्या घरी जुना केसपेपर पुन्हा उघडून पाहिला गेला, तरी आमचा हेतू सफल झाला असे आम्ही समजू.