यादीतलं प्रश्नचिन्ह

3 डिसेंबर 2023 ला मध्य प्रदेशचा निकाल लागला. 230 पैकी 163 जागा भाजपला, आणि छिंदवाड्यात मात्र सातपैकी सात काँग्रेसला. त्या सातांत पांढुर्णा आणि सौसर होते. दोनच महिन्यांपूर्वी, 5 ऑक्टोबरला, याच दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला होता. चार दिवसांनी निवडणूक जाहीर झाली. जिल्हा देणाऱ्या पक्षाला इथल्या मराठी माणसांनी दोन्ही जागा नाकारल्या, हे माझ्या डोक्यातून जाईना. एप्रिल 2024 मध्ये लोकसभेच्या तोंडावर मी पांढुर्ण्याला गेलो. भाषणं नागपुरात बसूनही ऐकता येतात. मला मतदारयादीचं काम पाहायचं होतं.

ज्यांच्यासोबत गल्ल्या फिरलो ते भाऊ, एका पक्षाचे बूथ कार्यकर्ते. पन्नाशी ओलांडलेले, घरची थोडी संत्र्याची झाडं. हातात दोऱ्यानं शिवलेली यादीची झेरॉक्स, खिशात निळं आणि लाल पेन. नावाखाली पट्टी ठेवायची, ओळ मोठ्यानं वाचायची. घर आपलं असेल तर पुढे अधिक, समोरच्यांचं असेल तर वजा, कळेना तर प्रश्नचिन्ह. मयतांवर आडवी रेघ. नोव्हेंबरच्या खुणा निळ्या, आताच्या लाल.

महाराष्ट्राच्या सरहद्दीवरच्या गावाची यादी साधी नसते. एका दारात त्यांनी विचारलं, "सूनबाईचं नाव चढलं का, वहिनी?"

"तिचं तं वरूडलेच आहे जी. 26 ले जाऊन राह्यली ते."

वरूड वर्धा मतदारसंघात, तिथलं मतदान 26 एप्रिलला. काटोलची सून असती तर रामटेक, म्हणजे 19 लाच, आणि पांढुर्ण्याचंही 19 लाच. सोयरीक इकडची तिकडे चालते, पण नाव हलवायला आठ नंबरचा फॉर्म भरावा लागतो आणि तो बहुतेक घरांत राहून जातो. नागपुरात कामाला गेलेल्या पोरांची गोष्ट आणखी अवघड. नागपूरचं मतदानही त्याच 19 च्या शुक्रवारी. भाऊंनी माझ्यासमोर एकाला फोन लावला: "गुरुवारी रातच्या गाडीनं ये बाप्पा. एका मतासाठी नाही म्हणत, माय वाट पाहून राह्यली." मत आणि माय एकाच वाक्यात कशी बसवायची, हे या माणसाला ठाऊक होतं.

चहाच्या टपरीवर मात्र एकच आकडा: सातपैकी सात. एकजण तो अभिमानानं सांगे, दुसरा चिडून. खरं तर तोवर तो आकडा राहिलाच नव्हता. अमरवाड्याचे आमदार कमलेश शाह मार्चअखेरीस भाजपात गेले होते. तरी गावाच्या तोंडी सातपैकी सातच.

मला मात्र एक घर अजून आठवतं. म्हातारे शेतकरी बाजेवर बसलेले, अंगणात संत्र्याचे रिकामे क्रेट. बांगलादेशानं आयात शुल्क वाढवल्यापासून संत्र्याचं गणित बिघडलंय, हे त्यांनी आधी सांगितलं, निवडणुकीचं नंतर. यादीत त्यांच्या नावापुढे निळा अधिक. भाऊंनी लाल पेन उघडलं आणि नुसतेच पाहत राहिले.

"काय लिहू, काका?"

"तुले वाटते ते लिही. आमदार रात्री फोन उचलते, त्याले दिलं. खासदाराचं काम दिल्लीचं. ते मत अलग, हे मत अलग."

भाऊंनी लाल प्रश्नचिन्ह काढलं. आपल्याच ओळखीच्या, वर्षानुवर्षं आपलं धरलेल्या घरापुढे. त्या गल्लीत अशी चिन्हं वाढत चाललेली मी पाहत होतो, आणि पक्षाच्या वरच्या बैठकीत ती कोणी वाचेल असं मला वाटलं नाही. तिथे सातपैकी सात वाचलं जात होतं.

पण काकांचं म्हणणं नवं नाही. 1997 ची पोटनिवडणूक सोडली तर छिंदवाड्यानं लोकसभेत काँग्रेस कधी सोडली नव्हती. ती एकच, जिच्यात सुंदरलाल पटवांनी काँग्रेसच्या कमलनाथांना हरवलं. तरीही सौसरनं 2008 आणि 2013 मध्ये भाजपचे नानाभाऊ मोहोड निवडून दिले, आणि या मतदारसंघानं 2009 व 2014 मध्ये कमलनाथच दिल्लीला धाडले. पुढे 2018 आणि 2023 ला सौसरमध्ये काँग्रेसचे विजय चौरे आले. पांढुर्ण्याची जागा आदिवासींसाठी राखीव. तिथेही दोन्ही वेळा काँग्रेसचे नीलेश उईके. बाहेरचे पत्रकार याला लाट आणि लाटेचं ओसरणं म्हणतात. मला यात हिशेबी माणसं दिसतात. आमदार तहसिलीच्या कामाला आणि खासदार दिल्लीच्या, असे दोन वेगळे व्यवहार ती करतात.

4 जूनला निकाल आला. भाजपचे विवेक 'बंटी' साहू यांनी कमलनाथांचे चिरंजीव नकुलनाथ यांना 1,13,618 मतांनी हरवलं, आणि राज्यातल्या 29 पैकी 29 जागा भाजपकडे गेल्या. 2019 मध्ये नकुलनाथ याच मतदारसंघातून 37,536 मतांनी जिंकले होते. पांढुर्णा-सौसरला कोणाचाही बालेकिल्ला म्हणण्याआधी आमदारकीचे आणि खासदारकीचे निकाल शेजारी मांडून पाहावेत, आणि नेत्यांनी बूथवरच्या माणसाची शिवलेली यादी एकदा तरी मागवून घ्यावी.