लांबची फाइल, जवळचा भास

टर्मिनलवर 'एलएस' लिहून एंटर मारलं आणि पुढे काहीच घडेना. कर्सर लुकलुकतोय, कंट्रोल-सी दाबून बोट दुखलं, तरी प्रॉम्प्ट परत येत नाही. शेजारच्या टेबलावरून निदान येतं, "एनएफएस मेलं वाटतं." लिनक्सच्या लॉगमध्ये मात्र वेगळाच मजकूर असतो: सर्व्हर उत्तर देत नाही, प्रयत्न चालू आहे. मेलेलं कुणीच नाही. संगणक मुकाट्यानं वाट पाहतोय, आणि त्याला तसंच सांगून ठेवलेलं आहे.

नेटवर्क फाइल सिस्टिम, म्हणजे रोजच्या बोलण्यातलं एनएफएस, सन मायक्रोसिस्टिम्सनं १९८० च्या दशकाच्या मध्यावर आणलं. तेव्हा डिस्क महाग होती. सनची वर्कस्टेशनं डिस्कशिवायही मिळत. ती नेटवर्कवरून सुरू होत आणि त्यांच्या फाइली सर्व्हरवर असत. जुन्या प्रोग्रॅमांना यातलं काही कळता कामा नये, अशी अट होती. म्हणून कर्नलमध्ये एक मधला थर घातला. प्रोग्रॅम नेहमीसारखी फाइल उघडतो, वाचतो, लिहितो. खाली डिस्क आहे की केबलीच्या पलीकडचा सर्व्हर, ते हा थर बघून घेतो. सननं प्रोटोकॉल इतरांनाही खुला केला आणि १९८९ साली त्याची दुसरी आवृत्ती आरएफसी १०९४ म्हणून प्रसिद्ध झाली. सोंग इतकं हुबेहूब वठलं की प्रोग्रॅमांबरोबर माणसंही फसली. एनएफएसबद्दलचे बहुतेक गैरसमज तिथूनच निघतात.

लटकण्याचंच घ्या. माउंट करताना वेगळं काही सांगितलं नाही तर ते 'हार्ड' होतं, म्हणजे उत्तर येईपर्यंत क्लायंट विचारत राहतो. दुसऱ्या-तिसऱ्या आवृत्तीत सर्व्हर कुणी कोणती फाइल उघडली याची नोंदच ठेवत नसे. कोणती फाइल, कितव्या बाइटपासून, किती, हे सगळं प्रत्येक मागणीतच लिहिलेलं असे. त्यामुळे सर्व्हर बंद पडून परत उठला, तरी क्लायंट तीच मागणी पुन्हा पाठवी आणि काम पुढे सरके. या थांबण्याला वैतागून कुणी 'सॉफ्ट' हा पर्याय लावतो. मग थोड्या प्रयत्नांनंतर प्रोग्रॅमला चूक कळवली जाते. पण लिहिताना आलेली चूक तपासायची तसदी कितीतरी प्रोग्रॅम घेत नाहीत. फाइल अर्धी लिहिली जाते आणि कुणाला पत्ता लागत नाही. लटकलेलं निदान दिसतं तरी.

चौथ्या आवृत्तीत हे चित्र बदललं. आता सर्व्हर उघड्या फाइली आणि लॉक यांचा हिशेब ठेवतो. म्हणून तो रीस्टार्ट झाला की जुन्या क्लायंटांनी आपापले लॉक परत मागावेत यासाठी थोडा वेळ राखलेला असतो. लिनक्सवर सहसा ९० सेकंद. तेवढ्या वेळात नव्यानं फाइल उघडायला गेलं की गाडी अडते. घायकुतीला आलेला ॲडमिन "अजून चालू नाही झालं" म्हणत पुन्हा रीस्टार्ट करतो आणि ९० सेकंद पहिल्यापासून मोजायला लागतात.

दुसरा समज जास्त महागात पडणारा: सर्व्हर माणूस ओळखतो. पासवर्ड तर कुणी विचारलेला नसतो, मग ओळखणार कसा? नेहमीच्या मांडणीत क्लायंट फक्त एक आकडा पाठवतो, वापरकर्त्याचा यूआयडी. समजा, सर्व्हरवर १००१ म्हणजे सुनीता आणि प्रकाशच्या लॅपटॉपवर १००१ म्हणजे प्रकाश. मग सुनीताच्या खासगी फाइली प्रकाशला बिनदिक्कत उघडतात, त्यानं काही लबाडी न करताही. यावर "रूट स्क्वॅश चालू आहे की," असं उत्तर मिळतं. ही सोय क्लायंटवरच्या रूटला सर्व्हरवर 'नोबडी' करून टाकते, हे खरं. पण स्वतःच्या लॅपटॉपवर रूट असलेला माणूस एका कमांडीत १००१ बनू शकतो, आणि १००१ ला ती अडवत नाही.

चौथी आवृत्ती आली म्हणून हे आपोआप मिटतं असंही नाही. तिच्यात मालकाचं नाव अक्षरांत दिसू शकतं, पण कर्बेरॉस लावलेला नसेल तर परवानगीचा निवाडा आकड्यावरच होतो. कर्बेरॉसच्याही तीन पायऱ्या आहेत: पहिलीत ओळख पटते, दुसरीत मजकुरात फेरफार झाला तर कळतो, आणि तिसरीतच तो कूटबद्ध होतो. टीएलएसची वाट २०२२ च्या आरएफसी ९२८९ नं मोकळी केली. यातलं काहीच नसेल, तर मजकूर तारेवरून उघडाच जातो.

आणि मग ती मोकळी जागा. लिनक्स सर्व्हरवर 'एक्स्पोर्ट्स' नावाच्या फाइलीत कोणती डिरेक्टरी कुणाला द्यायची ते लिहितात: आधी डिरेक्टरी, मग संगणकाचं नाव, आणि त्याला खेटून कंसात 'आरडब्ल्यू', म्हणजे वाचा आणि लिहा. नाव आणि कंस यांच्यामध्ये एक स्पेस पडली की अर्थ फिरतो. त्या संगणकाला मूळचे पर्याय लागू होतात, म्हणजे नुसतं वाचणं; आणि सुटा पडलेला कंस बाकीच्या साऱ्या जगाला लिहायची मुभा देतो. अक्षर न् अक्षर बरोबर असतं, म्हणून वाचताना डोळाही अडखळत नाही.

'एनएफएस हळू आहे' ही तक्रार अर्धी खरी. एक मोठी फाइल नेटवर्कच्या वेगानं सुखानं जाते. हजारो चिमुकल्या फाइलींचं गाठोडं सोडलं की मात्र प्रत्येकीसाठी जा-ये होते, आणि 'सिंक' असेल तर लिहिलेलं डिस्कवर टेकेपर्यंत सर्व्हर 'झालं' म्हणत नाही. 'असिंक' केलं की वेग चढतो, कारण तो आधीच 'झालं' म्हणून मोकळा होतो. वीज न सांगता जाते तिथं यूपीएसशिवाय हा जुगार कुणी खेळू नये.

एकानं केलेला बदल दुसऱ्याला त्याच क्षणी दिसतो, हेही तसंच. लिहिणाऱ्यानं फाइल बंद केली आणि वाचणाऱ्यानं त्यानंतर उघडली, तर नवा मजकूर मिळण्याची हमी आहे. नुसती फाइलीची वेळ किंवा आकार पाहणाऱ्याला लिनक्सचा क्लायंट जुनी माहिती ३ ते ६० सेकंदांपर्यंत दाखवू शकतो.

राहिल्या त्या 'डॉट एनएफएस' नं सुरू होणाऱ्या, पुढे आकड्या-अक्षरांचं शेपूट असलेल्या फाइली. व्हायरस समजून त्या पुसायला लोक धावतात. युनिक्समध्ये उघडी फाइल पुसली तरी वापरणाऱ्याच्या हातात ती शाबूत राहते. उघडझाकीची नोंद न ठेवणाऱ्या सर्व्हरवर हे जमायचं कसं? म्हणून क्लायंट ती पुसल्यासारखं करून तिचं नाव बदलतो. त्याच संगणकावरून ती नवी फाइल पुसायला गेलं तर 'वापरात आहे' असं उत्तर येतं. 'एलएसओएफ' चालवलं की गुन्हेगार सापडतो. बहुधा परवापासून कुणीतरी लॉग बघत सोडून दिलेली 'टेल' असते. ती बंद केली की फाइल आपसूक जाते.