इमारतीतील निश्चल पाणी

शुद्धीकरण केंद्रातून निघालेले पाणी इमारतीत शिरते तेव्हा त्यात क्लोरिनचा अल्पसा अंश शिल्लक असतो आणि वाटेतील जंतूंपासून रक्षण करण्याचा जिम्मा त्याच्याकडेच असतो. परंतु रुग्णालयातील रिकाम्या खोलीची किंवा सुटीत बंद पडलेल्या वसतिगृहाची नळवाहिनी दिवसेंदिवस निश्चल राहिली, की तो अंश क्षीण होतो, पाणी भोवतालच्या उष्णतेने कोमटते आणि नळीच्या अंतर्भागी धरलेल्या बुळबुळीत थरात सूक्ष्मजीव निर्वेध वाढू लागतात.

त्यांत लिजिओनेला हा जंतू विशेष घातक होय. १९७६ च्या जुलैत अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे माजी सैनिकांच्या अधिवेशनास जमलेल्या अनेकांना तीव्र न्यूमोनियाने ग्रासले, कित्येक दगावले, आणि पुढील जानेवारीत जोसेफ मॅकडेड यांनी हा जंतू शोधून काढला. त्या वेळी संशय वातानुकूलन यंत्रणेवर गेला; तथापि हाच जंतू इमारतींच्या नळांतही वास करतो, सुमारे २५ ते ४५ अंश उष्णतेत फोफावतो आणि शॉवरच्या तुषारांतून श्वासावाटे फुप्फुसांत उतरतो, हे पुढे सिद्ध झाले.

म्हणूनच जर्मनीतील व्हीडीआय ६०२३ या नियमावलीने नळातील पाणी ७२ तासांहून अधिक काळ साचू देऊ नये असा दंडक घातला. तो पाळण्यासाठी नळीच्या टोकाशी विजेवर चालणारा एक लहानसा व्हॉल्व्ह बसवतात: ठरलेली मुदत भरली, अथवा थंड पाण्याचे तापमान २५ अंशांपलीकडे गेले, की तो आपोआप उघडतो, शिळे पाणी सांडपाण्याच्या नळीवरील नरसाळ्यात मोकळ्या हवेतून पडते, जेणेकरून मैला उलट ओढला जाऊ नये, आणि ताजे पाणी येताच तो मिटून तारीख व प्रमाण यांची नोंद ठेवतो.

यात पाण्याची नासाडी होते, हा आक्षेप रास्त आहे. पण १५ मिलिमीटर अंतर्व्यासाच्या दहा मीटर नळीत जेमतेम पावणेदोन लिटर पाणी मावते. शिवाय निरुपयोगी फाटे आधी कापून टाकले आणि नित्य वापराचा नळ शाखेच्या शेवटी ठेवला, तर व्हॉल्व्हला कामही थोडेच उरते. मात्र यंत्राने केलेली नोंद वाचणारा दक्ष माणूस नसेल, तर बिघडलेला व्हॉल्व्ह महिनोन्‌महिने तसाच राहील. यास्तव त्या नोंदीची तपासणी हे रुग्णालयाच्या कारभाऱ्यांनी औषधसाठ्याच्या तपासणीइतकेच अनिवार्य कर्तव्य मानले पाहिजे.