नव्या मशीनवर जुने गेम का चालू नयेत?

रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी आमच्या डोंबिवलीच्या घरात एक मोठे खोके आले. धाकट्या चिरंजीवांनी तीन वर्षांची ईदी, दहावीच्या निकालानंतर नातेवाइकांनी हातावर ठेवलेले पैसे आणि मामूंनी घातलेली भर असे सगळे जमवून नवा गेम कन्सोल घेतला. घरात जुना कन्सोल होताच आणि त्याच्या अकरा सीडी होत्या. काही तर तीन-तीन हजारांच्या. म्हणून दुकानदाराला आम्ही एकच प्रश्न विचारला, "जुने गेम यावर चालतात ना?" तो म्हणाला, "हो, चालतात की!"

तो खोटे बोलला नाही. पण घरी खोके उघडले तेव्हा दिसले की मशीनला सीडी घालायची जागाच नाही. स्वस्त पडते म्हणून आम्ही निवडलेले मॉडेल फक्त इंटरनेटवरून उतरवलेले गेम चालवणारे होते. जुने गेम चालतात खरे, पण तेच गेम पुन्हा पैसे देऊन घेतले तर! आमच्या अम्मी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "माझ्या सासूबाईंच्या शिलाई मशीनची सुई आजही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. तुमची पन्नास हजारांची मशीन पाच वर्षांपूर्वीची सीडी घेत नाही?"

हा प्रश्न आम्हाला चांगलाच लागला. आमच्यासारख्या घरांत कन्सोल म्हणजे रोजची खरेदी नव्हे, वर्षानुवर्षे साठवून घेतलेली वस्तू आहे. ती घेताना जुने सगळे भंगारात जाणार असेल, तर ते आधी कळायला हवे. आम्ही थोडी चौकशी केली, ती वाचकांपुढे ठेवतो.

जुने गेम नव्या मशीनवर चालणे ही काही अशक्य गोष्ट नाही. २००० साली आलेल्या प्लेस्टेशन २ वर आधीच्या प्लेस्टेशनच्या सीडी चालत. जगभर पंधरा कोटींहून अधिक विकले गेलेले हे मशीन लोकप्रिय होण्यात या सोयीचा वाटा नक्कीच असणार. २००६ मध्ये प्लेस्टेशन ३ आले, तेव्हा त्याच्या पहिल्या मॉडेलांत जुन्या मशीनची चिप वेगळी बसवलेली होती. पुढे किंमत उतरवण्यासाठी ती काढली गेली आणि नंतरच्या मॉडेलांवर प्लेस्टेशन २ चे गेम बंद झाले. २०१३ चे प्लेस्टेशन ४ तर आतून पूर्ण निराळे, साध्या कॉम्प्युटरच्या घडणीचे. त्याने आधीची एकही गेमची सीडी ओळखली नाही. २०२० चे प्लेस्टेशन ५ पुन्हा त्याच घडणीचे असल्याने प्लेस्टेशन ४ चे जवळजवळ सगळे गेम चालवते. मात्र त्यामागच्या तिन्ही पिढ्यांच्या सीडी त्यावर चालत नाहीत.

म्हणजे अडचण दोन ठिकाणी आहे. मशीनचा मेंदू बदलला की जुना गेम त्याला परक्या भाषेतला वाटतो. मग एकतर जुनी चिप आत बसवा, नाहीतर नव्या मशीनला जुन्यासारखे वागायला लावणारा प्रोग्राम लिहा. त्याला एम्युलेटर म्हणतात. दोन्हीला खर्च येतो. दुसरी अडचण कागदपत्रांची. मायक्रोसॉफ्टने २०१५ पासून एक्सबॉक्स ३६० चे शेकडो गेम एक्सबॉक्स वनवर आणले आणि लोकांकडे असलेली जुनी डिस्क घातली की ते फुकट मिळू लागले. हे काम आम्हाला सर्वांत प्रामाणिक वाटले. पण प्रत्येक गेमसाठी हक्क असलेल्याची परवानगी लागे. २०२१ मध्ये नव्या गेमची भर थांबली, तेव्हा कंपनीने परवाने, कायदा आणि तंत्र यांच्या मर्यादांचेच कारण दिले.

आता आपल्याकडची गोष्ट. परदेशात प्लेस्टेशन ३ स्थिरावले तरी आपल्या घरांत परवडत होते ते प्लेस्टेशन २ च. म्हणून आपल्या देशातल्या कंपन्यांनी कन्सोलसाठी पहिल्यांदा गेम बनवले तेही त्याच मशीनसाठी. २००९ मध्ये 'हनुमान: बॉय वॉरियर' आला. 'देसी अड्डा' आला, त्यात कबड्डी होती, विटी-दांडू होता. मुंबईच्या ट्राइन गेम्सने गल्ली क्रिकेटवर 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स' काढला आणि २०११ मध्ये 'रा.वन' सिनेमावरचा गेम. 'डॉन २' चा गेम तर २०१३ मध्ये आला, म्हणजे सोनीने प्लेस्टेशन २ चे उत्पादन थांबवले त्याच वर्षी!

हे गेम फार उत्तम होते असा आमचा दावा नाही. पण ज्या खेळात मुलांनी आपल्यासारखी गल्ली पाहिली, ते हेच. जपान-अमेरिकेचे गाजलेले गेम कंपन्या पुन्हा रंगवून विकतात, कारण गिऱ्हाईक आहे. 'रा.वन' चा गेम पुन्हा कोण काढणार? गेम कंपनी, सिनेमाची कंपनी, कलाकार, एवढ्यांच्या सह्या कोण गोळा करणार? नव्या मशीनने जुनी सीडी वाचली असती, तर कुणाला काहीच करावे लागले नसते. अमेरिकेत व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी केली, तेव्हा तिथे निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के बाजारात मिळेनासे झाल्याचे दिसले. इतक्या मोठ्या बाजारपेठेची ही स्थिती, तर आपल्या चार-सहा गेमचे काय!

इथे एक कबुली द्यायला हवी. मामूंच्या जुन्या डब्यातल्या निम्म्या सीडी रविवारी लोकल पकडून मुंबईच्या मनीष मार्केटमधून आणलेल्या, पन्नास-साठ रुपयांच्या. त्या नक्कल केलेल्या होत्या, आणि हे मामूंनाही ठाऊक होते, आम्हालाही. त्या नव्या मशीनवर चालाव्यात असे म्हणायला आम्हाला तोंड नाही. आमचे म्हणणे फक्त पूर्ण दाम मोजून घेतलेल्या सीडींपुरते आहे.

कंपन्यांची बाजूही ऐकून घेऊ. सोनीचे अधिकारी जिम रायन २०१७ मध्ये म्हणाले होते की या सोयीची मागणी फार होते, पण प्रत्यक्षात ती फारशी वापरली जात नाही. असेलही. घरातली पावसाळी छत्रीसुद्धा आठ महिने खुंटीला असते. आणि त्याच रायन यांच्या कारकिर्दीत आलेल्या प्लेस्टेशन ५ ने मागच्या पिढीचे गेम चालवलेच. जुनी चिप बसवून मशीन दहा हजारांनी महाग होणार असेल तर ती नको, हे आम्हालाही पटते. पण एका पिढीमागचे तरी चालावे, आणि त्याआधीच्यांसाठी एम्युलेटर द्यावा, ही मागणी अवाजवी नाही.

खरी काळजी उतरवून घ्यायच्या गेमची आहे. सीडी मुंब्र्याच्या मावसभावाकडे जाते, तिथून भिवंडीला जाते, कंटाळा आला की विकता येते. उतरवलेला गेम खात्याला बांधलेला असतो. निन्टेन्डोने मार्च २०२३ मध्ये थ्रीडीएस आणि वी यू या मशीनची ऑनलाइन दुकाने बंद केली, आणि त्यानंतर तिथे नवीन काही विकत घेता येत नाही. कॅलिफोर्नियात २०२५ पासून कायदाच झाला की असा माल विकताना गिऱ्हाइकाला मालकी नव्हे, परवाना मिळतो, हे स्पष्ट सांगावे. आपल्याकडे दुकानदाराने एवढे जरी सांगितले असते तरी आमचे चिरंजीव दुसरे मॉडेल घेते. तेव्हा घ्यायला जाणाऱ्यांनी "जुने गेम चालतात का" एवढेच विचारू नये. सीडीची जागा आहे का, नसेल तर ड्राइव्ह वेगळा जोडता येतो का, त्याला किती पडतील आणि कोणत्या मशीनपर्यंतचे गेम चालतात, हे सगळे पैसे काढण्याआधी विचारावे.

आमच्या मशीनला ड्राइव्ह वेगळा मिळतो असे नंतर कळले. त्यासाठी पुढच्या ईदीची वाट पाहणे चालू आहे. दरम्यान मामूंनी माळ्यावरून प्लेस्टेशन २ काढले. २००८ मध्ये दुबईहून आणलेले. सीडी वाचत नव्हते, तर स्टेशनजवळच्या एका कारागिराने लेन्स साफ करून दिली. नव्या टीव्हीला लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची जागा नव्हती, त्यासाठी एक छोटा कन्व्हर्टर आणला. मेमरी कार्ड आठ एमबीचे, आजच्या मोबाइलमधल्या दोन-तीन फोटोंइतके. ते घालून गल्ली क्रिकेटची सीडी लावली, तर पंधरा वर्षांपूर्वी मामूंनी जिथे सोडले होते तिथूनच सगळे पुढे सुरू झाले. चिरंजीव आणि मामू त्या रात्री इशाच्या नमाजनंतर खेळायला बसले ते अम्मींनी दिवा घालवेपर्यंत.