विहिरीवरचे हवेचे ड्रिल : यंत्र जपा, छाती जपा



सुगी आटोपली की आपल्या सीमाभागात विहिरींची कामे निघतात. मुरूम संपून खडक लागला की ट्रॅक्टरवरचा कॉम्प्रेसर येतो आणि जॅकहॅमर सुरू होतो. हे यंत्र भाड्याचे असले तरी विहीर आपली असते आणि आत उतरणारी माणसेही आपलीच असतात. म्हणून त्याविषयी चार गोष्टी आम्ही येथे सांगत आहोत.

ड्रिलमधला दट्ट्या हवेच्या दाबाने खालीवर होऊन सळईवर घाव घालतो, आणि सळई थोडी थोडी फिरते. त्यासाठी दर चौरस सेंटीमीटरला साधारण ५ ते ६ किलो दाब लागतो. दट्ट्याला तेल मिळाले नाही, तर तो लवकर झिजतो. म्हणून नळीवरच्या तेलपात्रात रोज सकाळी ड्रिलचे तेल भरावे. नळी जोडण्याआधी तिच्यातून थोडी हवा सोडून माती उडवून टाकावी. कॉम्प्रेसरच्या टाकीत साठलेले पाणी रोज काढावे, हवेची गाळणी साफ ठेवावी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह कधीही बांधून ठेवू नये. बोथट सळईने काम रेटू नये. त्याने वेळ जातो आणि धूळ वाढते.

जोडावरून सुटलेली नळी सापासारखी उसळते आणि माणसाला जबर मारते. म्हणून जोडाला क्लिपा घट्ट बसवाव्यात, आणि नळी सोडण्याआधी हवा बंद करून आतला दाब जाऊ द्यावा. अंगावरची धूळ झाडायला ही हवा वापरू नये. धोतराचा सोगा किंवा उपरणे लोंबते ठेवू नये.

सुरुंगाचे काम परवानाधारकानेच करावे. जुन्या भोकाच्या उरलेल्या बुडात पुन्हा सळई कधीही घालू नये. तेथे न उडालेली दारू असू शकते. सुरुंगानंतर विहिरीत विषारी वायू राहतो. त्यातील कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, आणि कंदील जळत राहिला तरी तो वायू असू शकतो. म्हणून कॉम्प्रेसरची ताजी हवा बराच वेळ तळाशी सोडावी, मगच उतरावे. डिझेल इंजिन विहिरीत उतरवू नये. आत कोणी कोसळला, तर दोराशिवाय त्याच्यामागे उडी घेऊ नये. वाचवायला गेलेलाही तेथेच पडतो.

सर्वांत मोठा शत्रू मात्र धूळ. दगडातील सिलिकाचे बारीक कण फुप्फुसात रुततात आणि सिलिकोसिस होतो. दम लागतो, खोकला राहतो, क्षयाचा धोका वाढतो. झालेली हानी कोणत्याही औषधाने भरून येत नाही. काळ्या पाषाणात सिलिकाचे मोकळे कण कमी असतात. गोकाककडच्या वालुकाश्मात ते पुष्कळ. तरी कोणतीही दगडी धूळ निर्धोक मानू नये. भोकात पाणी सोडत ओले ड्रिलिंग करावे. तोंडाला बांधलेला रुमाल हे बारीक कण अडवत नाही. घट्ट बसणारा एन-९५ मास्क वापरावा. कानांना संरक्षण द्यावे आणि पाळीपाळीने काम करावे. खोकला दोन आठवडे राहिला, तर डॉक्टरांना आपण ड्रिलवर काम केले हे आवर्जून सांगावे.

४ डिसेंबरला खाणकामगारांची आश्रयदाती संत बार्बरा हिचा सण येतो. त्या दिवशी तिची मध्यस्थी मागू या. पण आधी नळीच्या क्लिपा तपासू या. मजूर आपल्या घरचा नसला तरी त्याचा श्वास देवाने दिलेला आहे. मास्क आणि पाण्याचा खर्च विहिरीच्या खर्चातच धरावा, अशी आमची विनंती आहे.