टीमक्सला पडदा दिसत नाही

रात्री दूरच्या सर्व्हरवर तासन्‌तास चालणारं काम लावून द्यावं, मध्येच घरचं इंटरनेट जावं, आणि सकाळी पुन्हा जोडणी करून ‘टीमक्स अटॅच’ एवढंच टाइप केलं की कालचा पडदा जसाच्या तसा समोर यावा. डावीकडे एडिटर, उजवीकडे सरकणाऱ्या नोंदी, कर्सरसुद्धा त्याच ओळीवर. कमांड लाइनवर काम करणाऱ्यांना टीमक्स या प्रोग्रामची इतकी सवय होते की त्यातलं नवल विरून जातं. मला ते पुन्हा वाटू लागलं एका बिघाडामुळे. मराठी शब्दांची एक यादी मी टीमक्समध्ये उघडली होती. कर्सर एकीकडे दिसायचा, अक्षर भलतीकडे उमटायचं, आणि शब्द पुसला तरी त्याची वेलांटी मागे उरायची. कारण शोधत गेलो तेव्हा कळलं की टीमक्सला पडदा दिसतच नाही.

पूर्वी पत्राने बुद्धिबळ खेळत. दोघांच्या घरी दोन पट, आणि टपालातून जायची ती फक्त चाल. सगळा पट कुणी पाठवत नसे. दोघांनी चाली नीट वाचल्या तर दोन्ही पट सारखे राहत. एकाने एक घर चुकवलं की पुढची प्रत्येक चाल त्या चुकीवर रचली जाई. टीमक्स नेमका असाच खेळतो. चोवीस ओळी आणि ऐंशी स्तंभांचा कप्पा, म्हणजे पडद्याचा एक भाग, हा त्याच्या स्मृतीत १,९२० घरांचा पट. प्रत्येक घरात कोणतं अक्षर, कोणता रंग, ठळक की साधं, याची नोंद. आतला प्रोग्राम समजतो की आपण टर्मिनलशी बोलतोय. खरं तर टीमक्सच टर्मिनलचं सोंग घेऊन त्याच्या चाली या पटावर मांडत असतो. मग बदललेल्या घरांपुरते निरोप तो बाहेरच्या खऱ्या टर्मिनलला धाडतो: पाचव्या ओळीत बाराव्या घरात जा, लाल रंग घे, हे अक्षर लिही. तिकडे प्रत्यक्षात काय उमटलं, हे तो बघू शकत नाही. म्हणूनच तुमचा लॅपटॉप बंद झाला तरी त्याचं काही अडत नाही. पट त्याच्याकडे असतो. नवा पडदा जोडला की तो सगळा पुन्हा वाचून दाखवतो.

हे लक्षात आलं की बिघाड शोधणं एकदम सोपं होतं, आणि मला तरी ते अतिशय सुंदर वाटतं. पडदा विस्कटला की आधी कंट्रोल-बी आणि मग ‘आर’ दाबा. यामुळे टीमक्स आपला पट पहिल्यापासून बाहेर पाठवतो. पडदा सुधारला, तर टीमक्सची स्मृती शाबूत होती आणि चूक बाहेरच्या वाटेवर झाली. सुधारला नाही, तर आतल्या एडिटरमध्ये कंट्रोल-एल दाबून त्यालाच सगळं पुन्हा काढायला लावा. आता सुधारला, तर बिघडला होता तो टीमक्सचाच पट. दोन कळांमध्ये चुकीचं घर सापडतं.

चाली लिहिण्याची भाषा मात्र टीमक्सहून बरीच जुनी आहे. निकोलस मॅरियट यांनी टीमक्स लिहायला घेतला २००७ च्या सुमारास. त्याआधीचा, असंच काम करणारा स्क्रीन हा प्रोग्राम १९८७ चा. पण ज्या सांकेतिक आज्ञा आजही या वाटेने धावतात त्यांचा पाया आहे डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या व्हीटी-१०० या टर्मिनलमध्ये, जो १९७८ साली आला. चौकटीच्या रेघांच्या जागी ‘क्यू’ची आडवी रांग आणि ‘एक्स’चा उभा स्तंभ कधी पाहिला आहे? तो व्हीटी-१००चाच वारसा. त्या यंत्रात रेघांची चिन्हं लहान इंग्रजी अक्षरांच्याच क्रमांकांवर बसवली होती. ‘आता रेघा काढ’ अशी आज्ञा आधी जायची, मग ‘क्यू’ म्हणजे आडवी रेघ आणि ‘एक्स’ म्हणजे उभी. ती आज्ञा समजली नाही की रेघांच्या आतली अक्षरं उघडी पडतात. याच्या उलटही घडतं: एखादी बायनरी फाईल चुकून पडद्यावर ओतली आणि तिच्यात चौदा क्रमांकाचा बाइट निघाला, तर साधी अक्षरंच रेघा होऊन बसतात. अशा वेळी ‘रीसेट’ ही आज्ञा न दिसताही टाइप करावी आणि एंटर दाबावं. पडदा भानावर येतो.

सगळ्यात जास्त सापडणारी चूक नावाची असते. आपण कोणत्या जातीच्या टर्मिनलशी बोलतोय, हे प्रत्येक प्रोग्राम ‘टर्म’ या चलात वाचतो. टीमक्सच्या आत तिथे ‘टीमक्स’ किंवा ‘स्क्रीन’ या कुळातलंच नाव हवं. पुष्कळ जण शेलच्या फाईलमध्ये ‘एक्सटर्म’ हे दुसऱ्याच टर्मिनलचं नाव कायमचं लिहून ठेवतात. मग आतला प्रोग्राम टीमक्सशी एक्सटर्मच्या बोलीत बोलतो आणि रंग, कळा, पार्श्वभूमी बिघडतात. ती एक ओळ काढून टाका. आणि पडद्याच्या कडेला नुसते ठिपके दिसत असतील तर तो बिघाड नव्हेच. तेच सत्र दुसऱ्या, लहान खिडकीतही उघडं आहे. ‘अटॅच’ला ‘डी’ हा पर्याय जोडला की ती खिडकी सुटते.

आता मराठीकडे. फाईलभर अक्षरांऐवजी अधोरेखा दिसत असतील, तर समोरच्या टर्मिनलला यूटीएफ-८ कळतं हे टीमक्सला कुणी सांगितलेलं नाही. लोकेल, म्हणजे प्रणालीतली भाषा-लिपीची निवड, नीट करा, किंवा टीमक्स सुरू करतानाच ‘यू’ पर्याय द्या. एवढ्याने मजकूर दिसू लागतो. घरांचा प्रश्न मात्र उरतोच.

‘क्षितिज’ हा शब्द घ्या. डोळ्यांना दिसतात तीन अक्षरं. युनिकोडच्या हिशेबी ती सात चिन्हं: क, हलंत, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी तीन, म्हणजे एकवीस बाइट. पण पटावर घरं किती? केंब्रिजच्या मार्कस कून यांनी अक्षराची रुंदी ठरवणारं एक छोटं फंक्शन लिहिलं, ते पुढे अनेक टर्मिनलांनी आपलंसं केलं. त्याच्या नियमाने हलंताला शून्य घरं, उकाराला शून्य, मात्रेला शून्य. वेलांटीला आणि कान्याला मात्र एकेक घर, कारण ती अक्षराच्या बाजूला उभी राहतात. म्हणून ‘कु’ एका घराचा आणि ‘कि’ दोन घरांचा. ‘क्षितिज’ची होतात सहा. काही नवे प्रोग्राम वेलांटीलाही शून्यच मोजतात. त्यांच्या हिशेबी घरं चार. आणि फॉन्ट जोडाक्षर घडवतो तेव्हा त्याची रुंदी यांपैकी कोणालाही विचारत नाही. एडिटर, टीमक्स आणि टर्मिनल या तिघांपैकी एकाने जरी वेगळं मोजलं तरी त्या ओळीतलं पुढचं अक्षर भलत्याच घरात पडतं. माझी मागे उरलेली वेलांटी अशीच उरली होती: ती ज्या घरात होती, ते घर टीमक्सच्या पटावर रिकामंच होतं. जे त्याने लिहिलं नाही ते तो पुसणार कसा?

टर्मिनलची घरं सारख्या रुंदीच्या इंग्रजी अक्षरांसाठी आखली गेली. चिनी-जपानी अक्षरांना दोन घरं द्यायची, हे युनिकोडच्या तक्त्यांत लिहिलेलं आहे. आपल्या जोडाक्षरांसाठी असा एकच, सर्वांनी मानलेला हिशेब नाही, आणि ही उणीव भरून काढण्याजोगी आहे असं मला ठामपणे वाटतं. टीमक्स मुक्त प्रणाली आहे, तिचा स्रोत कुणीही वाचू शकतो. तेव्हा मराठी ओळ विस्कटलेली दिसली तर नुसती खिडकी बंद करू नका. कोणतं अक्षर, कोणतं टर्मिनल, टीमक्सची कोणती आवृत्ती, आणि कंट्रोल-बी-आरने ओळ सुधारली की नाही, एवढं टिपून त्याच्या रचनाकारांना कळवा.